मोठा दिवाणखाना आणि भिंतीला टेकवलेला सोफा

दिवाणखाना मोठा असेल तर सोफा, खुर्च्या, कपाटे भिंतीला टेकवून मधली जागा मोकळी सोडावी, म्हणजे खोली प्रसन्न दिसते, असा समज आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आला आहे. लहान खोलीत येण्याजाण्याची वाट मोकळी राहावी म्हणून ही मांडणी योग्यच असते. पण तोच नियम २० फूट लांबीच्या खोलीला लावला, तर समोरासमोर बसलेल्या माणसांमध्ये सुमारे १५ फुटांचे अंतर पडते. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी अमेरिकेतील निरीक्षणांवरून ४ ते १२ फूट हे सामाजिक संवादाचे अंतर मानले होते, आणि त्यापलीकडचे अंतर वक्ता व श्रोते यांचे. थोडक्यात, अशा खोलीत गप्पा होत नाहीत, सभा भरते.

म्हणून आसने भिंतीपासून पुढे ओढून ७-८ फुटांच्या अंतरावर समोरासमोर मांडावीत, आणि निदान त्यांचे पुढचे पाय तरी येतील एवढी मोठी सतरंजी किंवा गालिचा खाली अंथरावा. (जुन्या घरांतला झोपाळाही भिंतीला चिकटून कधीच नसे!) गालिचा आणि जाड पडदे आवाज शोषून घेतात, त्यामुळे गुळगुळीत फरशीच्या रिकाम्या खोलीत जाणवणारा घुमारा कमी होतो. छतावरच्या एकाच पांढऱ्या ट्यूबलाइटऐवजी २७०० केल्व्हिनच्या (केल्व्हिन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) आसपासचे पिवळसर दिवे बसण्याच्या उंचीवर दोन-तीन ठिकाणी ठेवले, तर दूरचे कोपरे मंद राहतात आणि बैठकीची जागा आपोआप वेगळी उठून दिसते.