रोध आणि वॉट: आकडे तेच, हिशेब दोन

बादलीत सोडायचा पाणी तापवायचा रॉड १५०० वॉटचा, आणि जुना तारेचा पिवळा बल्ब १०० वॉटचा. रोध कुणाचा जास्त? दहावीच्या मुलांना विचारा, उत्तर ठरलेलं: "रॉडचा. तो जास्त तापतो ना!" त्यांच्या आईबाबांना विचारलं तरी बहुतेक वेळा हेच ऐकायला मिळतं.

आता हिशेब मांडू. घरात २३० व्होल्ट येतात असं धरलं तर रॉड ६.५२ अँपिअर करंट ओढतो आणि बल्ब ०.४३५. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो: रॉडचा ३५ ओहम, बल्बचा ५२९. म्हणजे बल्बचा रोध रॉडच्या पंधरापट. तेच आकडे गुणले की वॉट मिळतात, रॉडचे १५०० आणि बल्बचे १००. इथे रॉड पंधरापट पुढे.

घोळ होतो तो इथेच. भागायलाही व्होल्ट-अँपिअर आणि गुणायलाही तेच. पण भागाकारातून कळतं ती वस्तू करंटला किती अडवते, तर गुणाकारातून कळतं ती सेकंदाला किती ऊर्जा खाते. घरातल्या प्रत्येक पॉइंटला तेच २३० व्होल्ट असतात. त्यामुळे जी वस्तू कमी अडवते तिच्यातून करंट जास्त जातो, आणि तिचेच वॉट जास्त भरतात.

मग पुस्तकात "रोध जास्त तर उष्णता जास्त" असं असतं ते खोटं का? नाही. ज्यूलच्या नियमात उष्णता करंटचा वर्ग गुणिले रोध अशी येते. मात्र दोन वस्तूंची तुलना करताना दोन्हींतून करंट सारखा जात असेल, तरच त्या वाक्याला अर्थ. ही अट परीक्षेच्या धांदलीत गळून पडते.

करंट सारखा असल्यावर काय होतं ते इलेक्ट्रिशियनच्या सिरीज बोर्डवर छान दिसतं. बोर्डवर १०० वॉटचा बल्ब असतो आणि तपासायची वस्तू त्याच्याशी एकसरीत, म्हणजे एकाच वाटेवर एकामागे एक, जोडतात. रॉड चांगला असेल तर बल्ब जवळजवळ पूर्ण उजेड देतो. दोघांतून जेमतेम ०.४ अँपिअर जातो, आणि एवढ्या करंटला रॉडच्या वाट्याला सहाएक वॉट येतात. बादलीतल्या पाण्याला त्याचा पत्ताही लागायचा नाही. इथे जास्त रोधाचा बल्ब जास्त तापतो, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे.

पण घरात हा नियम खरा चटका देतो तो लूज प्लगमध्ये. आमच्याकडे रॉडच्या प्लगची एक पिन सॉकेटमध्ये ढिली बसायची. वास यायला लागला म्हणून प्लग काढून पाहिला, तर पिनेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळायला आलेलं. ढिल्या जागी समजा अर्धा ओहम रोध तयार झाला. रॉडच्या ३५ पुढे तो काहीच नाही, त्यामुळे करंट तेवढाच राहतो, साधारण साडेसहा अँपिअर. त्याचा वर्ग गुणिले अर्धा म्हणजे सुमारे २१ वॉट, आणि ते अंगठ्याएवढ्या जागेत. त्याच ढिल्या सॉकेटला बल्ब लावला तर तिथे एक दशांश वॉटही निघत नाही. म्हणून रॉडला, गीझरला १६ अँपिअरचा घट्ट सॉकेटच हवा.

आणखी एक फरक. तापायच्या तारेचा रोध हा त्या तारेचा गुण. लेबलवरचे वॉट मात्र लेबलवरच्या व्होल्टपुरतेच खरे. संध्याकाळी लोड वाढून दाब १८० व्होल्टवर आला, तर रॉडचे ३५ ओहम जवळपास तसेच राहतात, पण करंट ५.१ अँपिअरवर येतो आणि वॉट ९२० च्या आसपास. व्होल्ट पाव भागाहूनही कमी घटले, वॉट मात्र दोन पंचमांशाने गेले. एरवी वीस मिनिटांत कढत होणारी बादली मग अर्ध्या तासाहूनही जास्त वेळ घेते.

पंखा, मिक्सर, फ्रिज यांना यातलं काही थेट लावू नका. मोटरचं गणित वेगळं: तिथे भागाकारातून निव्वळ तारेचा रोध निघत नाही, आणि नुसत्या गुणाकारातून खरे वॉटही निघत नाहीत.

आता एक गंमत. रॉड आणि बल्ब दोन्ही लाइनवरून पूर्ण काढा, गार होऊ द्या आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून मोजा. रॉड ३५ दाखवेल, ठरल्याप्रमाणे. बल्ब दाखवेल चाळिसाच्या आसपास! मीटर बिघडलेलं नसतं. रॉडमधली नायक्रोमची तार गार-गरम कशीही असली तरी तिचा रोध फारसा हलत नाही. बल्बमधली टंगस्टनची तार मात्र पांढरीफटक तापते तेव्हा तिचा रोध दहा-पंधरापट होतो. ५२९ ओहम हा पेटलेल्या बल्बचा रोध होता. गार बल्ब बटण दाबल्या क्षणी रॉडसारखाच सहाएक अँपिअर ओढतो, आणि तार तापली की क्षणार्धात अर्ध्या अँपिअरच्या आत येतो. जुना बल्ब बहुतेक वेळा बटण दाबतानाच का उडायचा, तेही यातच आलं.