पीएमआरडीए मंजूर म्हणजे महापालिकेत नव्हे

महापालिका म्हणजे काय, हे पुणेकराला सांगायला नको. मिळकतकर, नळाचं पाणी, घंटागाडी, नगरसेवक. घोळ होतो तो पीएमआरडीएबाबत, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाबाबत. जाहिरातीत 'पीएमआरडीए मंजूर' वाचलं की लोक महापालिकेच्या सगळ्या सोयी गृहीत धरून घर बुक करतात.

2015 साली स्थापन झालेल्या या प्राधिकरणाचं मूळ काम नियोजनाचं. शहराबाहेरच्या जमिनीला कोणता झोन (शेती की रहिवासी), रस्ता कुठून, हे ठरवायचं, नकाशे मंजूर करायचे, विकास शुल्क घ्यायचं. म्हणजे शहरी नियम गावच्या सातबाऱ्यापर्यंत पोचतात, शहराचा कारभार मात्र त्यांच्यामागून जात नाही. पीएमआरडीए रस्ते बांधते, हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोही तिचीच, पण तुमच्या सोसायटीचं रोजचं पाणी आणि कचरा हे तिचं काम नव्हे.

2025 च्या पावसाळ्यात हिंजवडीत पाणी तुंबलं, तेव्हा हे साऱ्यांनी पाहिलं. घरपट्टी ग्रामपंचायतीला, आयटी पार्कात एमआयडीसी (राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ), भोवतालच्या बांधकामांना परवानगी पीएमआरडीएची, आणि पोलिस ठाणं पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचं. त्या शेवटच्या पाटीमुळेच कित्येक जण हिंजवडीला पिंपरी-चिंचवड महापालिकेत धरून चालत होते. तुंबलेल्या पाण्यासाठी कुणाला धरायचं, हे रहिवाशांना कळेना.

उलटंही घडलं आहे. जून 2021 मध्ये वाघोली, सूस, म्हाळुंगेसह 23 गावं पुणे महापालिकेत आली, पण त्यांच्या नियोजनाचा अधिकार सरकारने पीएमआरडीएकडेच ठेवला. कर महापालिकेला आणि नकाशा पीएमआरडीएकडे, अशी गत झाली! गाव हद्दीत आलं म्हणजे शेती झोन आपोआप रहिवासी होतो, असं सांगणाऱ्या एजंटांचा मला मनापासून राग येतो. हद्द बदलली म्हणून झोन बदलत नाही. त्यासाठी आराखडा तरी बदलावा लागतो, नाहीतर फेरबदलाची रीतसर मंजुरी लागते.

एफएसआय (भूखंडाच्या मानाने किती बांधकाम करता येतं), सामासिक अंतरं (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) यांवर लोक तासन्‌तास वाद घालतात. त्यातलं बरंचसं राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत आहे, तिथे बघावं.

घर घेताना झोन दाखला आणि मंजूर नकाशा बघाच. पण पाणी आणि ड्रेनेज कोण देणार, हे वेगळं विचारा आणि त्याच संस्थेचं लेखी पत्र मागा. बिल्डरचं नको.