महापालिकेचा कामगार 'कामगार' कधी झाला?

दिवाळी जवळ आली की महापालिका कामगार संघटनांच्या फलकावर सगळ्यांचे डोळे एका आकड्याकडे लागतात. मुंबईत २०२४ साली तो २९ हजार रुपये होता, २०२५ साली ३१ हजार. हजेरीच्या चौकीवर सगळे त्याला बोनस म्हणतात, वर्तमानपत्रेही तसेच छापतात. महापालिकेच्या परिपत्रकात मात्र 'सानुग्रह अनुदान' असे लिहिलेले असते, कारण १९६५ च्या बोनस कायद्याने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कामगारांना बाहेर ठेवले. गिरणीतल्या कामगाराने जे कायद्याचे कलम दाखवून मागितले, ते सफाई कामगाराच्या संघटनेला दरवर्षी आयुक्तांच्या आणि राज्यकर्त्यांच्या दारात बसून पदरात पाडून घ्यावे लागते.

अनुदान हे त्यातले एक उदाहरण. रोजंदारीवाल्यांना कायम करा, कंत्राटदाराकडचे कामगार महापालिकेचे माना, वारसाची फाईल हलवा, गटारात मेलेल्याच्या घरच्यांना भरपाई द्या: संघटनेच्या फलकावरची जवळजवळ प्रत्येक बातमी एका जुन्या वादातून आलेली आहे. शहर चालवणारा हा माणूस कायद्याच्या नजरेत कामगार आहे का? या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यात शंभराहून अधिक वर्षे गेली, आणि तो वाद अजून पुरता मिटलेला नाही.

सुरुवात तुरुंगाच्या धाकापासून झाली. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. त्याच्या पाठोपाठ, १८९० साली, मुंबई इलाख्यात म्युनिसिपल नोकरांसाठी वेगळा कायदा आला. सार्वजनिक आरोग्याशी संबंधित काम करणाऱ्या नोकराने परवानगीशिवाय किंवा दोन महिन्यांची नोटीस न देता काम सोडले, तर तो गुन्हा ठरत असे आणि त्यासाठी कैदेची तरतूद होती. दुसऱ्या धन्याच्या नोकराने काम सोडले तर सहसा पगार बुडायचा. इथे थेट तुरुंग होता. हे काम कोणत्या जातींच्या वाट्याला आले होते ते सगळ्यांना ठाऊक होते, त्यामुळे कायद्यात जातीचे नाव लिहायची गरजच नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेवरच्या लेखनात मुंबईच्या या कायद्यावर आणि इतर प्रांतांतल्या तशाच कलमांवर बोट ठेवले आहे.

नोकरी मिळवण्याची वाटही सरळ नव्हती. कामावर घ्यायचे कोणाला आणि खाडा लावायचा कोणाला, हे मुकादमाच्या हातात होते. त्याचा हात ओला करायला सावकाराकडून पैसे काढायचे आणि पगाराच्या दिवशी ते फेडायचे. महापालिका कामगारांच्या पतपेढ्या आणि सहकारी कर्जाची व्यवस्था या कर्जबाजारीपणातून उभी राहिली. आज संघटनेच्या कार्यालयात कर्जाच्या अर्जाला हमीदार शोधून देणे हे किरकोळ काम वाटते. एके काळी मागण्यांइतकेच ते महत्त्वाचे होते, कारण सावकाराच्या मुठीतला माणूस संपावर जाऊ शकत नाही.

१९२६ च्या कायद्याने संघटना नोंदवता येऊ लागल्या. १९३० च्या दशकात बाबासाहेबांच्या पुढाकाराने मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा राहिला. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. दोन वर्षांनी मुंबई सरकारने संपावर बंधने घालणारे औद्योगिक कलह विधेयक आणले, तेव्हा विधिमंडळात त्याला कडाडून विरोध करणाऱ्यांत ते होते. कामगाराला मनाविरुद्ध कामाला जुंपणे ही गुलामगिरीच, अशी त्यांची मांडणी होती. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला, त्यात त्यांचा पक्ष कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उतरला. १८९० चा कायदा ज्यांच्या डोक्यावर टांगलेला होता, त्यांच्यासाठी त्या भाषणातला शब्द न् शब्द रोजच्या जगण्यातला होता.

स्वातंत्र्याच्या काही महिने आधी औद्योगिक विवाद कायदा आला, १९४७ चा. आता झगडा न्यायालयात सरकला. नगरपालिकांचे म्हणणे असे की आम्ही कारखाना चालवत नाही, नफा कमावत नाही. आम्ही तर सरकारचेच एक अंग, मग आमच्याकडचा वाद 'औद्योगिक' कसा? बंगालमधल्या बज बज नगरपालिकेने एका मुख्य लिपिकाला आणि एका स्वच्छता निरीक्षकाला काढले, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५२ च्या अखेरीस न्यायालयाने सांगितले की नगरपालिकेतला वादही औद्योगिक विवाद असू शकतो.

त्यानंतरचा निकाल आपल्याकडचा आहे आणि तो प्रत्येक महापालिका कामगाराला माहीत असायला हवा असे मला वाटते. नागपूर महापालिका विरुद्ध तिचे कर्मचारी, १९६०. वेतनश्रेणी, भत्ते, रजा, भविष्य निर्वाह निधी अशा नेहमीच्या मागण्यांवरून पेटलेला हा वाद. महापालिकेने पुन्हा तोच बचाव केला: आमची कामे राज्यकारभाराची. न्यायालयाने मग एकेक खाते तपासायला घेतले. दिवाबत्ती, पाणीपुरवठा, अग्निशमन, मलनिःसारण, आरोग्य, बाजार, उद्याने, शिक्षण, बांधकाम, अगदी कोंडवाडासुद्धा. कायदे करणे, न्यायदान करणे, कायदा-सुव्यवस्था राखणे ही सार्वभौम सत्तेची कामे. रस्ता झाडणे आणि नळाला पाणी आणणे ही त्यात बसत नाहीत. नागरिकांना सेवा पुरवणारे खाते म्हणजे उद्योग, आणि त्यात राबणारा तो कामगार. या खात्यांसाठी कागद रंगवणारा कारकूनही त्याच छत्राखाली आला. झाडूवाला आणि कारकून एकाच संघटनेत बसू शकतात, याला या निकालाने कायद्याचा पाया दिला.

१९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने ही व्याख्या आणखी रुंद केली. न्या. कृष्ण अय्यर यांचा तो गाजलेला निकाल. सरकारला तो पचला नाही. १९८२ साली संसदेने व्याख्या आखडून घेणारी दुरुस्ती मंजूर केली, पण तो भाग कधी अमलातच आणला नाही.

मधल्या काळात रस्त्यावरही बरेच घडले. जॉर्ज फर्नांडिस १९६० च्या दशकात मुंबई महापालिकेत नगरसेवक होते आणि शहरातले टॅक्सीवाले, हॉटेलातले आणि महापालिकेतले कामगार संघटित करत होते. १९६७ साली त्यांनी स. का. पाटलांना लोकसभेत हरवले, ते पाटील एके काळी याच शहराचे महापौर होते. फर्नांडिसांनंतर म्युनिसिपल मजदूर युनियनची सूत्रे दीर्घकाळ शरद राव यांच्याकडे होती, २०१६ मध्ये ते गेले. या काळातल्या संपांची यादी मोठी आहे, ती इथे देत नाही. संप लोकांच्या लक्षात राहतात. पण कामगाराच्या हाती कायमचे काय पडले हे पाहायचे तर १९७१ च्या एका कायद्याकडे वळावे लागते.

त्याचे नाव लांबलचक आहे: महाराष्ट्र कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम. तो १९७५ पासून लागू झाला. सलग सहा महिने किमान ३० टक्के कामगार सदस्य असतील तर संघटनेला मान्यता मागण्याची सोय त्याने केली. म्हणून वर्गणीची पावती जपून ठेवायची; मान्यतेचा दावा तिच्याच जोरावर उभा राहतो. त्याहून मोलाची आहे चौथ्या अनुसूचीतली सहावी बाब. माणसाला वर्षानुवर्षे बदली (दुसऱ्याच्या जागेवर काम करणारा), नैमित्तिक किंवा तात्पुरता ठेवायचे आणि कायमपणाचे फायदे त्याला मिळू द्यायचे नाहीत, ही अनुचित प्रथा ठरली. महापालिकांमध्ये हेच तर चालले होते. वर्षात २४० दिवस भरले की सलग वर्षाची नोकरी धरली जाते, हे औद्योगिक विवाद कायद्यात होते. म्हणून दिवस भरत आले की ब्रेक द्यायचा, आठवड्याने पुन्हा बोलवायचे. जुन्या कामगारांना २४० हा आकडा तोंडपाठ असतो तो यामुळे.

मग १९९० च्या दशकात कंत्राटदार मधे आला आणि पाटी पुन्हा कोरी झाली. कचरा उचलणारा तोच, गाडी तीच, वॉर्डही तोच. पण कागदावर तो महापालिकेचा कोणी लागेनासा झाला. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा २० किंवा त्याहून अधिक कामगार असले की लागू होत असे, म्हणून कामाचे तुकडे पाडून कमी कमी माणसांची कंत्राटे दिली गेली. झोपडपट्ट्यांच्या सफाईसाठीच्या मुंबईच्या दत्तक वस्तीसारख्या योजनांत तर राबणाऱ्याला 'स्वयंसेवक' म्हटले गेले आणि त्याच्या मजुरीला मानधन. स्वयंसेवकाला किमान वेतन, रजा, फंड कशाला लागेल? हा प्रकार मला १८९० च्या कायद्याइतकाच क्रूर वाटतो. तेव्हा कामगाराला काम सोडता येत नव्हते, आता त्याला आपण कोणाचे काम करतो हेच सांगता येईना.

याविरुद्ध १९९७ च्या सुमारास मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघ उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये पोलाद प्राधिकरणाच्या ('सेल') खटल्यात सांगितले होते की कंत्राट पद्धत बंद झाली म्हणून कामगार आपोआप मूळ मालकाचे होत नाहीत. एक दार मात्र उघडे राहिले: कंत्राट निव्वळ देखावा आहे असे सिद्ध झाले, तर कामगार मूळ मालकाचाच. सिद्ध करायचे तर पुरावे हवेत. हजेरी कोण घेतो, काम कोण नेमून देतो, झाडू आणि गाडी कोणाची, कंत्राटदार बदलला तरी माणसे तीच राहतात का. ओळखपत्र नाही, पगाराची चिठ्ठी नाही, अशा माणसांचे एकेक कागद गोळा करत संघटनेने दावा लढवला. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये २,७०० कामगारांच्या बाजूने निकाल दिला, उच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. तरी अंमलबजावणी लगेच झाली नाही. नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक, पत्ता जुळत नाही, अशा कारणांवरून माणसे अडकून पडली. संघटनेच्या 'सदस्य सेवा' म्हणजे काय, असे कोणी विचारले तर मी आधी हेच काम दाखवेन: निकाल जिंकल्यानंतर आधार कार्डावरचे नाव आणि हजेरीपटावरचे नाव जुळवत बसणे.

दरम्यान २००६ मध्ये उमादेवी खटल्याचा निकाल आला होता. रीतसर भरती न होता लागलेल्यांना न्यायालयांनी कायम करू नये, असा त्याचा रोख. तो दाखवून महापालिका कामगारांना परत पाठवू लागल्या. २००९ मध्ये एसटी महामंडळ विरुद्ध कास्ट्राईब संघटना या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की उमादेवीमुळे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली औद्योगिक न्यायालयाला असलेले अधिकार संपत नाहीत. मंजूर पदे हवीत, ही अट राहिली. ३१ जानेवारी २०२५ रोजी गाझियाबाद महापालिकेच्या माळ्यांच्या प्रकरणातही न्यायालयाने उमादेवीच्या आडोशाने केलेले शोषण मान्य केले नाही.

वारसा हक्काच्या नोकरीचा प्रश्न यापेक्षा नाजूक. लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींवरून सफाई कामगाराच्या वारसाला नोकरीत प्राधान्य देण्याचे धोरण महाराष्ट्राने १९७० च्या दशकात स्वीकारले. २०२३ मध्ये नवा शासन निर्णय निघाला, त्याला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आव्हान मिळाले आणि काही काळ स्थगितीही आली. मुलाच्या हाती पुन्हा झाडूच येतो, हा आक्षेप खरा आहे. पण बरीच कुटुंबे महापालिकेच्या वसाहतीत राहतात. नोकरी गेली की खोलीही रिकामी करावी लागते. घरावरचा हा टांगता प्रश्न सुटल्याखेरीज वारसाची फाईल सोडून द्या, असे सांगण्याचा अधिकार मला तरी कोणाला दिसत नाही. सफाई कामगारांना घरे देणाऱ्या आंबेडकर श्रमसाफल्य आवास योजनेची मागणी संघटना पुन्हा पुन्हा लावून धरतात ती म्हणूनच.

गटारातल्या मृत्यूंबद्दल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनच्या प्रत्येक मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. मृत कामगार बहुतेक वेळा कंत्राटदाराकडचा असतो, त्यामुळे इथेही पहिला झगडा तो कोणाचा कामगार यावरच होतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. एकाहून अधिक संघटना असतील तिथे एकमेव वाटाघाटी संघटना म्हणून मान्यता हवी असेल तर आता ५१ टक्के सदस्य लागतील. संपासाठी १४ दिवसांच्या नोटिशीची अट सगळ्या उद्योगांना लागू झाली म्हणून खासगी क्षेत्रातल्या संघटना संतापल्या आहेत, आणि ते रास्तच आहे. सफाई आणि मलनिःसारण या लोकोपयोगी सेवा असल्याने महापालिका कामगारांवर मात्र नोटिशीचे बंधन १९४७ पासूनच होते. नव्या संहितेतल्या 'उद्योग' या व्याख्येतून सरकारची सार्वभौम कामे वगळली आहेत. बंगळूरच्या निकालाचा फेरविचार करण्याचे प्रकरणही २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवले गेले. सार्वभौम काम कोणते, हा नागपूरच्या कामगारांनी १९६० मध्ये जिंकलेला वाद त्यामुळे पुन्हा उकरला जाऊ शकतो. मधल्या काळात अनेक चौकींवर कायम कामगार निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या जागी कंत्राटी माणसे येत आहेत. ५१ टक्क्यांच्या मोजणीत ही माणसे धरायची की नाहीत, यावर संघटनेचे पुढचे बळ ठरेल.