मुंडे शेतकरी अपघात अनुदान: अर्ज कुठे अडतो आणि अडला तर पुढे काय

पावसाळ्यात सर्पदंशाचे आणि कपाशीच्या फवारणीत विषबाधेचे अर्ज तालुका कृषी कार्यालयात जाऊन पडतात. दिवाळीपर्यंत त्यातले बरेचसे 'त्रुटी' असा शेरा घेऊन घरी परत येतात. अपघात खरा असतो, माणूस शेतकरीच असतो. घात करतो तो कुठल्या तरी कागदावरचा एखादा शब्द, आणि तो बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांतच लिहिला गेलेला असतो, घरात रडारड चालू असताना. म्हणून इथे अर्ज कसा भरायचा यापेक्षा तो कुठे अडतो हेच जास्त सांगितलं आहे.

योजनेचं पूर्ण नाव गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. पूर्वी यात विमा कंपनी होती. 19 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयाने ती बाजूला झाली आणि निर्णय तहसीलदारांच्या समितीकडे आला. मृत्यू झाला तर 2 लाख. दोन डोळे, दोन अवयव किंवा एक डोळा आणि एक अवयव गेला तरी 2 लाख. एकच डोळा किंवा एकच अवयव गेला तर 1 लाख. अवयव म्हणजे हात किंवा पाय. थ्रेशरमध्ये दोन बोटं गेली तर त्यांचा वेगळा दर या कोष्टकात नाही. वय 10 ते 75. हप्ता भरायचा नसतो, आधी नाव नोंदवायचंही नसतं.

शेतमजुराला मात्र यात जागा नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली, त्यांत दुसऱ्याच्या वावरात मजुरीने पंप उचलणारेही होते. ज्याच्या घरात सातबारा नाही त्याला या योजनेतून आजही काही मिळत नाही. ही गोष्ट कार्यालयाने पहिल्याच दिवशी सांगावी, चार चकरा मारायला लावून नव्हे.

तीस दिवस कुठून मोजायचे

परिपूर्ण प्रस्ताव अपघातापासून 30 दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा, असा नियम आहे. लोक मोजतात मृत्यूपासून, काहीजण तर तेरवीपासून. तेरवी होईस्तोवर तेरा दिवस गेले, हातात उरले सतरा. आणि माणूस नागपूरच्या मेडिकलला वीस दिवस भरती राहून गेला असेल तर घरच्यांकडे दहाच दिवस असतात, हे त्यांच्या गावीही नसतं. भरती असतानाच तालुका कृषी अधिकाऱ्याच्या नावाने साधं पत्र देऊन ठेवावं: अमुक तारखेला अमुक ठिकाणी अपघात झाला, उपचार चालू आहेत, कागद मिळतील तसे देतो. त्या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. पुढे सगळं त्या शिक्क्यावरच चालतं.

'परिपूर्ण' या शब्दाने मोठा घोळ केला आहे. व्हिसेराचा, म्हणजे मयताच्या शरीरातल्या नमुन्यांच्या रासायनिक तपासणीचा अहवाल तीस दिवसांत येत नाही, वारस नोंद कशीबशी होते, आणि बाबू म्हणतो, "सगळे कागद झाले का आणजा." असं ऐकून घरी परतू नका. आहे ते कागद लावून अर्ज द्या. जो कागद बाकी आहे त्याचं नाव आणि तो कुणाकडे अडकला आहे हे अर्जातच लिहा. घेतच नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

सातबारा: नाव कुणाचं आणि कोणत्या तारखेला

लाभ दोन जणांना आहे: एक वहितीधारक खातेदार शेतकरी आणि दुसरा त्याच्या कुटुंबातला खातेदार नसलेला एक सदस्य. कुटुंब म्हणजे आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलगा आणि अविवाहित मुलगी. या यादीत भाऊ नाही, पुतण्या नाही, सूनही नाही.

वावर बापाच्या नावावर आणि गेला मुलगा, तर मुलाला 'शेतकरी' म्हणून दाखवू नका. तो 'खातेदाराच्या कुटुंबातील सदस्य' आहे. अर्जात तसंच लिहा आणि बापाचा सातबारा आणि बापलेकाचं नातं दिसेल असा कागद, म्हणजे रेशनकार्ड किंवा शाळेचा दाखला, जोडा. 'मयताच्या नावे जमीन नाही' म्हणून परत आलेल्या अर्जांत हा प्रकार नेहमी सापडतो, आणि तो एका ओळीत दुरुस्त होतो.

जिथे आजोबा जाऊन पंधरा वर्षं झाली आणि सातबारा अजून त्यांच्याच नावावर आहे, तिथे खरी अडचण. वारस नोंद झालेली नसते, कारण भावाभावांत वाटणीचा वाद असतो, नाहीतर पटवाऱ्याकडे जायला कुणाला सवड नसते. अपघाताच्या तारखेला खातेदार जिवंतच नव्हता, मग कुटुंब कुणाचं धरायचं, असा प्रश्न समितीपुढे येतो. 2025 मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम बुलढाणा जिल्ह्यातून सुरू होऊन राज्यभर गेली ती याचसाठी. तुमच्या सातबारावर अजून मेलेल्या माणसाचं नाव असेल तर अपघाताची वाट पाहू नका; वारसाचा अर्ज ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर किंवा पटवाऱ्याकडे आजच द्या. (पटवाऱ्याचं सरकारी नाव आता ग्राम महसूल अधिकारी आहे. गावात त्याला पटवारीच म्हणतात.)

याची उलटी बाजूही आहे. खातेदार गेला, घरच्यांनी लगेच वारस नोंद केली आणि अर्जाला नवा सातबारा लावला. त्यावर मयताचं नावच नाही, झाली त्रुटी. नव्या सातबाऱ्यासोबत तो फेरफारही, म्हणजे नाव बदलल्याची नोंदही लावा, म्हणजे अपघाताच्या दिवशी नाव होतं हे दिसतं. गाव नमुना 6-क प्रमाणे मंजूर झालेली वारसाची नोंद लागतेच. तिला हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस आणि नंतर मंडळ अधिकाऱ्याची सही, हे धरून चाला.

पोलिसांचे कागद

बाबू एफआयआर मागतो. साप चावून, विहिरीत पडून किंवा विजेचा धक्का लागून कुणी गेलं तर सहसा एफआयआर होतच नाही; होतो तो आकस्मिक मृत्यू, म्हणजे मर्ग. आता तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली नोंदतात. घरचे पोलीस ठाण्यात एफआयआर मागतात, ठाणेदार नाही म्हणतो, आणि दोन्ही कार्यालयं आपापल्या जागी बरोबर राहून फाईल बंद पडते. योजनेला प्रथम माहिती अहवाल, घटनास्थळ पंचनामा किंवा पोलीस पाटलाचा माहिती अहवाल यांपैकी जो लागू असेल तो चालतो. मर्ग खबरीची प्रत, इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा आणि घटनास्थळ पंचनामा, हे तीन मागा.

मृत्यू नागपूरला झाला असेल तर मर्ग तिथल्या पोलिसांनी शून्य क्रमांकाने नोंदलेला असतो आणि कागद नंतर तुमच्या ठाण्यात येतात. तो शून्य क्रमांक लिहून आणा, नाहीतर दोन्हीकडे "आमच्याकडं नाही" एवढंच ऐकू येतं. मृत्यूचा दाखलाही जिथे मृत्यू झाला तिथल्या नोंदणीतून निघतो, गावच्या ग्रामपंचायतीतून नाही. ग्रामसेवकाच्या दारात आठ-आठ दिवस घालवलेली माणसं पाहून हे लिहावं लागतं.

आता तो शब्द. फवारणी करताना चक्कर येऊन पडलेल्या माणसाला ग्रामीण रुग्णालयात आणतात, सोबत शेजारी असतो. डॉक्टर विचारतो, काय झालं? "औषध गेलं पोटात," शेजारी म्हणतो. केसपेपरवर उतरतं 'विष प्राशन'. पोलीस त्यावरूनच पंचनामा लिहितात आणि समितीपुढे ती आत्महत्या होऊन बसते. आत्महत्या या योजनेत बसत नाही. तिच्या मदतीची वाट वेगळी आहे आणि निकष वेगळे. घडलं असेल तेच सांगा, पण पूर्ण सांगा: कुणाच्या वावरात, किती वाजेपासून, कोणतं औषध, पंप कोणता, तोंडाला फडकं होतं की नव्हतं. औषधाचा डबा किंवा लेबल दवाखान्यात न्या, उपचारालाही त्याचा उपयोग होतो. विहिरीचंही तसंच, 'पाय घसरून पडला' आणि 'उडी घेतली' यांत दोन लाखांचा फरक आहे. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. नंतर शब्द बदलत नाही, फार तर पुरवणी जबाब होतो.

विषबाधेत व्हिसेराचा अहवाल लागतो. नमुने नागपूर किंवा अमरावतीच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात आणि महिनोन्‌महिने तिथे राहतात. ठाण्याकडून 'व्हिसेरा राखून ठेवून तपासणीस पाठवला, अहवाल प्रलंबित' असं जावक क्रमांकासह पत्र घ्या आणि अर्जाला लावा. अहवालात दारू निघाली तर अर्ज धोक्यात येतो. नशेतला अपघात बाद आहे.

सर्पदंशाला शवविच्छेदन अहवाल लागतो. उपचाराआधीच मृत्यू झाल्यामुळे शवविच्छेदन झालं नसेल तर सूट आहे, पण त्यासाठी वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र हवं. आणि ज्याने मयत पाहिलंच नाही तो डॉक्टर प्रमाणपत्र कसं देणार? बाहेरचं पाहणाऱ्याकडे रात्र घालवून सकाळी थेट स्मशानात नेलेल्या केसेस इथे मरतात. जीव गेला असला तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, 'मृतावस्थेत आणले' अशी नोंद होऊ द्या. त्याच्याही आधीची गोष्ट अशी की चावल्याबरोबर तिथेच नेलं असतं तर कदाचित अर्जाची वेळच आली नसती.

दुचाकी मयत चालवत असेल तर त्याचा वैध परवाना लागतो. मागे बसला असेल तर लागत नाही, म्हणून चालवत कोण होतं हे पंचनाम्यात स्पष्ट हवं.

वाघ, बिबट, रानडुकराच्या हल्ल्यातला मृत्यू असेल तर आधी वनविभागाकडे जा, तिथे 25 लाख आहेत. वीज पडून मृत्यू झाला तर नैसर्गिक आपत्तीतून 4 लाखांची मदत तहसीलमधून मिळते. मोठी रक्कम सोडून छोटीच्या मागे लागू नका.

बाकी कागद नेहमीचेच: वयाचा पुरावा, आधार, बँक पासबुक. सातबारावर 'कमलाबाई' आणि आधारवर 'कमला' असेल तर दोन्ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच जोडा. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. पाचशेचा स्टॅम्प आणा म्हणणाऱ्याला तसं लेखी मागा. पैशाचा पहिला हक्क पती किंवा पत्नीचा, मग अविवाहित मुलगी, आई, मुलगा, वडील, सून, या क्रमाने. अर्ज मुलाच्या नावाने आणि विधवा हयात, असं असेल तर त्रुटी ठरलेली.

त्रुटी म्हणजे नामंजुरी नव्हे

महसूल, पोलीस आणि कृषी यांच्या पथकाने घटनास्थळी जाऊन आठ दिवसांत तहसीलदारांना अहवाल द्यायचा असतो आणि समितीने 30 दिवसांत निर्णय. पत्र आलं की घरचे म्हणतात, केस गेली. पत्र नीट वाचा. 'त्रुटी पूर्तता करावी' म्हणजे फाईल जिवंत आहे, कागद द्या, त्याची पोच घ्या. 'अपात्र' किंवा 'नामंजूर' असेल तरच तो निर्णय, आणि त्यात कारण लिहिलेलं हवं. तोंडी "तुमची केस बसत नाही" हा निर्णय नाही. लेखी मागा.

निर्णयाविरुद्ध अपील जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या अपिलीय समितीकडे होतं. वकील लागत नाही. एका पानावर लिहा: अर्जाची आवक तारीख, नामंजुरीच्या पत्राचा क्रमांक आणि दिनांक, त्यात दिलेलं कारण जसंच्या तसं, आणि ते कारण कोणत्या कागदाने खोटं ठरतं. कारण एकच असेल तर उत्तर एकच द्या. घरची गरिबी, मुलांचं शिक्षण यावर पान भरू नका. समिती ते ऐकते, पण त्यावर निकाल देऊ शकत नाही. 'मयत वाहन चालवत होता, परवाना नाही' हे कारण असेल तर पंचनाम्यातली 'मागे बसलेला' ही ओळ अधोरेखित करून लावा, बस. एक प्रत जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्याला द्या. अपिलाला उशीर करू नका.

कारणच कळत नसेल तर माहिती अधिकारात तहसीलदार कार्यालयाकडे समितीच्या त्या बैठकीचं इतिवृत्त, पथकाचा अहवाल आणि आपल्या फाईलवरच्या टिप्पणीची प्रत मागा. अर्ज 150 शब्दांच्या आत, एकाच विषयावर, 10 रुपये शुल्क. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, दाखल्याची प्रत लावायची. उत्तर 30 दिवसांत यायला हवं. आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, आणि तिथेही काही झालं नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. पश्चिम विदर्भाच्या पाच जिल्ह्यांसाठी आयोगाचं खंडपीठ अमरावतीला आहे, विदर्भातल्या बाकीच्यांसाठी नागपूरला.