विंडोज ११ टाकायचंय? बायोसला हात लावण्याआधी हे वाचा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून आमच्या दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या सीपीयूंची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: ‘व्हिडिओ बघून सिक्युअर बूट चालू केलं, आता विंडोज उघडतच नाही.’

होतं असं. विंडोज ११ ला सिक्युअर बूटची (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या सेटिंगची) सोय लागते, आणि ते सेटिंग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डाच्या प्रोग्रॅममध्ये, असतं. जुन्या असेंबल पीसीत विंडोज बहुधा लेगसी मोडमध्ये (जुन्या बूट पद्धतीत), एमबीआर या जुन्या मांडणीच्या डिस्कवर टाकलेलं असतं. सिक्युअर बूटसाठी सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारं बायोसमधलं सेटिंग) बंद करावं लागतं, आणि ते बंद झालं की बोर्डाला त्या डिस्कवरून बूट करता येत नाही. मशीन फिरून फिरून बायोसमध्येच येतं. डेटा जागेवरच असतो. सिक्युअर बूट बंद, सीएसएम चालू, एफ१० दाबून सेव्ह. बहुतेक मशीन इथेच सुरू होतात.

खरं नुकसान पुढच्या पावलाला होतं. घाबरून पेन ड्राइव्ह लावायचा आणि सेटअपमध्ये पार्टिशन ‘डिलीट’ करायचं. एसएसडी असेल तर त्यानंतर टॅलीचा डेटा परत मिळेल याची खात्री आम्ही देत नाही, दुसऱ्या कोणी दिली तर जपून.

सीएसएम बंद केल्यावर स्क्रीनच काळी झाली, तर जुनं ग्राफिक्स कार्ड यूईएफआयवालं (बायोसच्या नव्या पद्धतीत चालणारं) नसेल. प्लग काढा, बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, परत बसवा, म्हणजे बायोसची सेटिंग्ज मूळ जागी येतात.

म्हणून आधी बघा. विंडोजचं बटण आणि आर दाबून ‘एमएसइन्फो३२’ इंग्रजीत टाइप करा, ‘बायोस मोड’ची ओळ वाचा. तिथे यूईएफआय असेल तर सोपं: विंडोज ११ ला लागणारं टीपीएम हे सुरक्षेचं सेटिंग (इंटेलला त्याचं नाव पीटीटी, एएमडीला एफटीपीएम) चालू करा, मग सिक्युअर बूट. (बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असेल तर त्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की लिहून घ्या.) लेगसी दिसलं तर आधी विंडोजमधल्या एमबीआरटूजीपीटी टूलने डिस्कची मांडणी एमबीआरवरून जीपीटी या नव्या पद्धतीत बदलायची, बायोसचं सेटिंग नंतर. सी, डी, ई, एफ असे तुकडे पाडलेल्या डिस्कवर हे टूल बहुधा अडतं, कारण मागचे ड्राइव्ह एक्स्टेंडेड पार्टिशनमध्ये (एका मोठ्या पार्टिशनच्या आत पाडलेल्या भागांत) असतात. तिथे पूर्ण बॅकअप घेऊनच काम करावं लागतं, आणि आमचा वेळ जातो तो त्यातच.

प्रोसेसर मात्र सगळ्यात आधी तपासा. आय५-८४०० चालतो, आय५-७४०० मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही. रायझन २६०० चालतो. २२००जी नावाने २००० सिरीजचा असला तरी चालत नाही. तपासणी चुकवून इन्स्टॉल करण्याच्या युक्त्या आहेत, आम्ही त्या करून देत नाही. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट म्हणत नाही, आणि अडलं की ग्राहक आमच्याच काउंटरवर येतो.

तपासणीचे २०० रुपये घेतो, काम इथे केलं तर बिलातून वजा. प्रोसेसर यादीत बसत नसेल तर बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एवढंच बदलून भागतं. कॅबिनेट आणि एसएसडी तीच चालते. डीडीआर३ रॅम नव्या बोर्डात बसत नाही, ती जुन्या सेटसोबत आम्ही परत घेतो.

बायोस अपडेट घरी करणार असाल तर यूपीएसवरच करा. उन्हाळ्यात कूलर, एसी चालू असताना लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि अर्धवट अपडेट झालेला बोर्ड दुरुस्त करायचा तर बायोसची चिप प्रोग्रामर नावाच्या यंत्रावर लावावी लागते.

येताना फक्त सीपीयू आणा, केबल नको. मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड मात्र आठवून ठेवा.