मोजलेली हवा, पोचलेली हवा

‘इथेनॉल आल्यापासून गाडी पेट्रोल पिते आणि सायलेन्सर काळा पडतो,’ हे वाक्य सध्या पंपावरही ऐकू येतं आणि गॅरेजातही. त्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडा पडणारच. पण काळा धूर, प्लगवरची मऊ काजळी, मागे उभं राहिलं की डोळ्यांना झोंबणारा कच्च्या पेट्रोलचा वास, म्हणजे मिश्रण ‘रिच’ (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) झाल्याच्या खुणा, यांचं खापर ई-२० वर, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, फोडता येत नाही. रसायनशास्त्र नेमकं उलट सांगतं.

१ ग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असल्याने त्याला ९ ग्रॅम पुरते. २० टक्के मिश्रणाचा आकडा १३.५ च्या आसपास येतो. म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने चालणाऱ्या इंजिनात ई-२० टाकलं तर मिश्रण ७-८ टक्क्यांनी लीन होईल, इंधन कमी पडेल. ते ओळखून इंजिनाचा कॉम्प्युटर इंधन वाढवतो आणि हिशेब जुळवून घेतो. तेव्हा टर्बो गाडी, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो असलेली गाडी, खरोखर रिच चालत असेल, तर चूक दुसरीकडे कुठेतरी आहे. ती शोधायची एक पद्धत आहे, आणि ‘आधी ऑक्सिजन सेन्सर बदलून बघू’ ही ती पद्धत नव्हे.

(सायलेन्सरच्या तोंडाला लागलेली थोडी काजळी हा पुरावा धरू नका. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांत ते थेंब पुरते वाफ होण्याआधीच जळतात, त्यामुळे ठणठणीत गाडीतही ती दिसते.)

इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं हे कॉम्प्युटर कसं ठरवतो? आधी तो हवा मोजतो, मग तिच्या प्रमाणात इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते काढतो. हवा मोजायचे दोन मार्ग आहेत. काही गाड्यांत एअर फिल्टरनंतर लगेच मास एअरफ्लो सेन्सर असतो. त्यातली तापलेली तार किंवा फिल्म हवेने किती थंड होते, यावरून सेकंदाला किती ग्रॅम हवा गेली ते कळतं. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांत तो नसतो. तिथे इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतला, दाब आणि तापमान मोजून हवेचा हिशेब मांडतात, आणि त्या दाबाच्या सेन्सरला मॅप सेन्सर म्हणतात. निदानाच्या आधी आपली गाडी यातली कोणती ते बघा. फिल्टरच्या डब्यातून निघणाऱ्या पाइपवर वायरिंगचा कनेक्टर असलेला सेन्सर दिसला, तर बहुधा पहिली. सगळं पुढचं निदान या एका प्रश्नावर फिरतं.

हिशेब बरोबर आला का, हे तपासायला एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. तो पहिल्यांदा विक्रीच्या गाडीत बसला १९७६ साली, व्होल्वोच्या, आणि बनवला होता बॉशने. नाशिककर या कंपनीला अजूनही मायको या जुन्या नावानेच ओळखतात. साधा सेन्सर झिर्कोनियाचा असतो. बाहेरच्या हवेतला आणि धुरातला ऑक्सिजन यांच्या फरकावर तो व्होल्टेज देतो: मिश्रण रिच असेल तर ०.८-०.९ व्होल्ट, लीन असेल तर ०.१-०.२. मधली पायरी जवळजवळ नाहीच. ‘किती’ रिच हे त्याला सांगता येत नाही, ते काम वाइडबँड सेन्सरचं. तो लॅम्डा हा आकडा देतो: १ म्हणजे अचूक, ०.९ म्हणजे १० टक्के हवा कमी. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवायची, हा सेन्सर पेट्रोल हुंगत नाही, फक्त ऑक्सिजन हुंगतो. पुढे याचा घोळ होणार आहे.

सेन्सरच्या सांगण्यावरून कॉम्प्युटर इंधनात जी टक्केवारी कमी-जास्त करतो तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. शॉर्ट टर्म ट्रिम क्षणाक्षणाला हलतो, लाँग टर्म ट्रिम हळूहळू शिकलेला असतो. दोन्हींची बेरीज घ्यायची. ती उणे असेल तर कॉम्प्युटर इंधन कापतोय, म्हणजे मूळ हिशेबाने मिश्रण रिच होत होतं. उणे १० पर्यंत चालतं. उणे २०-२५ च्या आसपास अडकली की चेक इंजिनचा दिवा लागतो आणि पी०१७२ हा कोड येतो. ओबीडी पोर्टला (गाडीतल्या निदानाच्या सॉकेटला) लावायचं ब्लूटूथ यंत्र आणि फोनवरचं अ‍ॅप एवढ्यावर हे सगळं दिसतं. कोड पुसायची घाई मात्र नको. कोड आला तेव्हाचा वेग, तापमान आणि लोड त्याच्यासोबत नोंदलेले असतात आणि कोड पुसला की तेही जातात. आधी फोटो काढून ठेवा.

आता खरा मुद्दा. ट्रिम किती आहे याच्यापेक्षा तो कधी बिघडतो, हे जास्त सांगून जातं.

समजा मॅप सेन्सर ७ किलोपास्कल जास्त दाखवतोय. न्यूट्रलला, गाडी नुसती उभी चालू असताना, मॅनिफोल्डमध्ये दाब असतो ३५, सेन्सर म्हणतो ४२. इंधन २० टक्के जास्त. तीच गाडी नांदुरीहून सप्तशृंगगड चढताना मॅनिफोल्डमध्ये १६० किलोपास्कल असतील, सेन्सर म्हणेल १६७. चूक जेमतेम ४ टक्के. म्हणजे ठरावीक रकमेची चूक न्यूट्रलला मोठी दिसते आणि चढावर विरघळून जाते. गळका इंजेक्टर, उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा), ऑइलमधून येणाऱ्या पेट्रोलच्या वाफा, हे सगळे याच जातीचे: मिनिटाला ठरावीक इतकं जादा पेट्रोल. इंजिन थोडं पीत असतं तेव्हा ते जाणवतं, भरपूर पीत असतं तेव्हा नाही.

टर्बोच्या पाइपची गळती याच्या बरोबर उलट वागते, आणि ती फक्त एअरफ्लो सेन्सरच्या गाडीत मिश्रण रिच करते. हवा फिल्टरपाशीच मोजली जाते. नंतर ती टर्बोत दाबली जाते, इंटरकूलरमध्ये गार होते, थ्रॉटलमधून, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेतून, मॅनिफोल्डमध्ये जाते. या वाटेवर रबरी पाइपचे चार-सहा जोड. घाट चढताना सेन्सरने सेकंदाला ५४ ग्रॅम हवा मोजली. ई-२० च्या १३.५ ने भागलं, पेट्रोल ४ ग्रॅम. पण इंटरकूलरचा क्लॅम्प ढिला आहे आणि दहावा हिस्सा, ५.४ ग्रॅम, वाटेतच बाहेर पडला. सिलिंडरपर्यंत पोचली ४८.६ ग्रॅम, पेट्रोल मात्र ४ ग्रॅमच. लॅम्डा ०.९. आता यात भर अशी, की पूर्ण लोडवर टर्बो इंजिनात मुद्दाम जादा पेट्रोल टाकायची पद्धत आहे; ते वाफ होताना उष्णता शोषतं आणि टर्बाइनचं पातं वाचतं. हे ठरवून ठेवलेलं लक्ष्य ०.८५ असेल, तर गळतीसकट झालं ०.७६५. तिथे काळा धूर येतो, पिकअप मरतो, आणि आणखी रिच झालं तर ठिणगी पडूनही मिश्रण पेटत नाही. तीच गाडी नाशिकच्या द्वारका सर्कलच्या सिग्नलला शांत उभी असते, कारण तेव्हा पाइपमध्ये दाबच नसतो. फट थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डच्या गॅस्केटला असेल तर गंमत आणखी: न्यूट्रलला तिथे व्हॅक्यूम असतो, न मोजलेली हवा आत ओढली जाते, मिश्रण लीन. चढावर तीच फट हवा बाहेर फेकते, मिश्रण रिच. एकाच भोकाची दोन विरुद्ध लक्षणं.

मॅपवाल्या गाडीत अशी गळती मिश्रण बिघडवत नाही. सेन्सर सिलिंडरच्या दारातच बसलेला आहे, जी पोचली तीच हवा तो मोजतो. तिथे फक्त टर्बोला जास्त फिरावं लागतं आणि ओढ कमी पडते. म्हणून मॅपवाल्या गाडीच्या काळ्या धुरासाठी इंटरकूलरचे पाइप बदलत बसणं म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

हाच नियम ‘फुस्स’ आवाजाच्या व्हॉल्व्हलाही लावा. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की टर्बो आणि थ्रॉटलच्या मध्ये अडकलेली हवा परत टर्बोच्या तोंडाशी सोडणारा बायपास व्हॉल्व्ह कंपनीने दिलेला असतो. तो काढून हवा बाहेर सोडणारा बसवला की गंगापूर रोडवर आवाज भारी येतो, पण एअरफ्लो सेन्सरने ती हवा आधीच मोजलेली असते. तिच्या वाट्याचं पेट्रोल पडतं, हवा रस्त्यावर गेलेली. प्रत्येक गिअर बदलताना मिश्रण क्षणभर रिच.

तपासणी अशी. सकाळी इंजिन रात्रभर थंड असताना इग्निशन ऑन करा, स्टार्ट करू नका. कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान एकमेकांपासून दोन-चार अंशांत असलं पाहिजे. कूलंट उणे २० दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर गेली आहे, आणि कॉम्प्युटर बिचारा काश्मीरच्या थंडीसाठी पेट्रोल ओततोय. त्याच वेळी मॅपचा आकडा बघा. इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचा दाब असतो. इंटरनेटवर सगळीकडे १०१ किलोपास्कल लिहिलेलं सापडेल, पण ते समुद्रकाठचं. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, इथे ९४ च्या आसपास यायला हवं, पावसाळ्यात एखादा कमी. नाशकात १०१ दिसले तर बिघाड तोच आहे.

मग इंजिन पुरतं गरम करा, कूलंट ८५-९० अंशांवर, एसी बंद, न्यूट्रलला ट्रिमची बेरीज लिहून घ्या. उभ्या गाडीत २५०० आरपीएमला पुन्हा. नंतर रिकाम्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरवर. फोन शेजारच्याने धरायचा. पूर्ण दाबू नका, तिथे कॉम्प्युटर मुद्दाम रिच करतो आणि ट्रिमला अर्थ राहत नाही.

न्यूट्रलला उणे १८ आणि चढावर उणे ३ असेल तर आधी पर्ज व्हॉल्व्हचा बारीक पाइप चिमटीत दाबा. टाकीतली पेट्रोलची वाफ त्यातूनच इंजिनात येते. ट्रिम मिनिटभरात शून्याकडे सरकला तर चोर सापडला. नाही सरकला तर ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पातळी मागच्या वेळेपेक्षा वाढली असेल आणि पेट्रोलचा वास असेल, तर रोजच्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ऑइल कधी तापलंच नाही. त्यात मुरलेलं पेट्रोल आता वाफ होऊन ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या वाफा बाहेर काढणाऱ्या, पाइपातून परत इनटेकमध्ये येतंय. गळक्या इंजेक्टरची खूण निराळी: गाडी गरम असताना बंद केली, वीस मिनिटांनी सुरू करताना खूप वेळ स्टार्टर मारावा लागतो आणि सुरू होताच काळा फुत्कार. थेट इंजेक्शनच्या गाडीत मात्र घरी इंधनाची लाइन सोडू नका. तिथे दाब १०० बारच्या वर असू शकतो.

न्यूट्रलला सगळं ठीक, चढावर उणे १५, आणि गाडी एअरफ्लो सेन्सरची असेल, तर पाइप तपासायचे. क्लॅम्पभोवती तेलकट ओल आणि तिला चिकटलेली धूळ दिसली तर अर्धं काम झालं. पक्की खात्री दाब भरून. इंजिन थंड आणि बंद. टर्बोच्या आधीचा पाइप सोडून त्याच्या तोंडाला टायरचा व्हॉल्व्ह बसवलेली टोपी घट्ट क्लॅम्पने लावा आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने ८-१० पीएसआय हवा भरा. टायरसारखं ३२ भरू नका, सील उखडतील. टोपीसमोर चेहरा आणायचा नाही. साबणाचं पाणी जोडांवर शिंपडत जा: इंटरकूलरच्या प्लॅस्टिकच्या कडा, बायपास व्हॉल्व्हचा पडदा, थ्रॉटलचं गॅस्केट. ऑइल भरायच्या झाकणातून ‘सुं’ ऐकू आलं तर हवा ब्रीदरमधून क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या पोकळीत) जातेय, त्याचा व्हॉल्व्ह बघा.

राहिला तो ऑक्सिजन सेन्सरचा घोळ. ट्रिम अधिक १५, म्हणजे कॉम्प्युटर इंधन वाढवतोय, आणि तरी प्लग काळे. अशा वेळी ऑक्सिजन सेन्सरच्या आधीचा एक्झॉस्टचा जोड बघा, टर्बो आणि त्यापुढच्या पाइपमधलं गॅस्केट. धुराच्या दोन ठोक्यांमध्ये तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो ‘लीन’ म्हणून ओरडतो. एखादा सिलिंडर मिस मारत असेल तरी तेच, न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन त्याला दिसतो, पेट्रोल दिसत नाही. इथे सेन्सर बदलून काहीच होत नाही.

एअर फिल्टर तुंबला म्हणून मिश्रण रिच होतं, हा कार्बोरेटरच्या काळातला नियम आहे. आता हवा मोजूनच पेट्रोल पडतं. फिल्टर बदला, पण या दुखण्यावर उपाय म्हणून नको. टाकीत ओतायच्या बाटल्या फाटलेला पाइप शिवत नाहीत. बंपरला बांधलेली लिंबू-मिरचीही शिवत नाही, पण ती निदान स्वस्त असते.

दुरुस्ती झाल्यावर शिकलेला ट्रिम स्कॅनरने शून्यावर आणा, नाहीतर जुनीच कपात काही काळ चालू राहील आणि गाडी आता लीन धक्के देईल. ऑइल आणि फिल्टर त्याच दिवशी बदला. कित्येक महिने रिच चाललेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरलेलं असतं. तेच ऑइल ठेवलं तर त्याच्या वाफांनी आठवडाभरात ट्रिम पुन्हा उणे दिसू लागतो, आणि ठीक बसवलेला पाइप विनाकारण दुसऱ्यांदा उघडला जातो.