आजो, एसुसु, आदाशी : नायजेरियातील फिरती बचत

आजो ही नायजेरियातील सामूहिक बचतीची पद्धत आहे. ठरावीक माणसे ठरावीक दिवशी सारखी रक्कम भरतात आणि जमलेले सगळे पैसे दर फेरीला एकेका सभासदाच्या हाती जातात. सगळ्यांची पाळी झाली की चक्र संपते. आपल्याकडच्या साध्या, लिलाव नसलेल्या भिशीचा हिशेब ज्याला कळतो त्याला आजोचा सांगाडा लगेच कळेल. योरुबा भाषक नैर्ऋत्य भागात आजो आणि एसुसु, हौसा भाषक उत्तरेत आदाशी, इग्बो भाषक आग्नेय भागात इसुसु ही नावे चालतात. शहरी कार्यालयांतून नुसते ‘काँट्रिब्यूशन’ म्हटले तरी पुरते.

ही पद्धत बँकांच्या आधीची आहे. योरुबांचा इतिहास लिहिणारे पाद्री सॅम्युएल जॉन्सन यांनी १८९७ मध्ये पुरा केलेल्या आणि १९२१ मध्ये छापून आलेल्या ग्रंथात एसुसुचे वर्णन आहे : ठरलेल्या वेळी व ठिकाणी, एका प्रमुखाच्या देखरेखीखाली भरणा आणि पाळीपाळीने उचल. आजही एवढेच घडते. अटलांटिकपार गुलाम म्हणून नेलेल्या लोकांबरोबर ती कॅरिबियनमध्येही पोहोचली. त्रिनिदादमध्ये तिला ‘सूसू’ म्हणतात.

नायजेरियात एकरकमी पैशाची गरज वर्षभर डोक्यावर असते. लागोसमध्ये घरभाडे महिन्याला नव्हे, वर्षाचे एकदम आणि आगाऊ मागितले जाते. शाळेची फी सत्रागणिक भरायची असते आणि सप्टेंबरचे पहिले सत्र गणवेश-पुस्तकांमुळे सर्वांत जड जाते. बकरी ईदला, म्हणजे योरुबांच्या ‘इलेया’ला, मेंढा घ्यायचा असतो, तर नाताळला तांदूळ आणि कोंबड्या. बाजारात बसणाऱ्या बाईची कमाई मात्र रोजची, सुटी आणि अनिश्चित असते. रोजच्या चिल्लर कमाईतून वर्षाच्या ठोक खर्चापर्यंत पोहोचण्याची वाट म्हणजे आजो.

फेरी कशी चालते

गट बहुधा १० ते २० जणांचा असतो. त्याहून मोठा झाला तर शेवटच्या माणसाची पाळी फार लांबते आणि मधे कुणी गळण्याची शक्यता वाढते. नोकरदारांचा भरणा पगाराच्या सुमारास, महिन्यातून एकदा होतो. बाजारातला भरणा रोज, आठवड्याला किंवा बाजाराच्या दिवशी होतो. इग्बो प्रदेशात एके, ओरिए, आफो, न्क्वो असा चार दिवसांचा बाजारआठवडा आहे आणि खेड्यांतले कित्येक गट अजून त्याच मापाने चालतात.

एका वाट्याला ‘हात’ म्हणतात. १२ हातांचा, दरमहा २०,००० नायरांचा (नायरा हे नायजेरियाचे चलन) गट असेल तर उचल २,४०,००० नायरांची. एकाला दोन हात घेता येतात. मग तो ४०,००० भरतो आणि चक्रात दोनदा उचलतो. ज्याला पूर्ण हात झेपत नाही तो दुसऱ्याबरोबर अर्धा-अर्धा घेतो. अर्ध्या हाताच्या जोडीपैकी गटासमोर जबाबदार कोण हे आधी ठरले नसेल तर पहिल्या चुकलेल्या हप्त्यालाच वाद उभा राहतो. म्हणून अनुभवी चालक, म्हणजे गट चालवणारे, वहीत एकच नाव लिहितात आणि दुसऱ्याचे त्या दोघांनी आपसांत बघावे असे स्पष्ट सांगतात.

खरा कस पाळ्यांचा क्रम ठरवताना लागतो. पहिली उचल घेणाऱ्याला बिनव्याजी कर्ज मिळते, शेवटचा बिनव्याजी ठेव ठेवतो आणि मधले सगळे या दोन टोकांच्या दरम्यान. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, गरज पाहून ठरतो किंवा चालक ठरवतो. नुसत्या चिठ्ठ्या दिसायला न्याय्य वाटतात, पण नवख्या माणसाला पहिली पाळी लागली तर गट पहिल्याच महिन्यात धोक्यात येतो. म्हणून पक्का गट नव्या सभासदाला पहिल्या चक्रात शेवटच्या तिसऱ्या भागात ठेवतो, सप्टेंबरची पाळी शाळकरी मुलांच्या पालकांना सोडतो आणि उरलेल्या पाळ्यांपुरत्या चिठ्ठ्या टाकतो. दोघांनी आपसांत पाळी बदलली तर चालते, मात्र ती चालकाच्या आणि गटाच्या कानावर घालावी लागते.

चालकाला काही गटांत पहिली उचल मिळते, काहींत प्रत्येक उचलणारा खुशीने थोडी रक्कम देतो. पहिली उचल देण्याची रीत सोपी असली तरी तिच्यात एक कच्चेपणा आहे : ज्याने इतरांकडून वसुली करायची, तोच सर्वांत आधी गटाचा ऋणको होतो. चालकाची पाळी शेवटी ठेवणारे गट अधिक टिकाऊ समजावेत.

रोजचा संकलक : आलाजो

फिरत्या गटापेक्षा वेगळी पद्धत म्हणजे आलाजोकडची रोजची बचत. आग्नेय भागात तिला ‘आकावो’ म्हणतात. इथे पाळी नसते. आलाजो रोज सकाळी किंवा संध्याकाळी गाळ्यागाळ्यावर फिरतो, ठरलेली रक्कम घेतो आणि ३१ रकान्यांच्या कार्डावर त्या दिवसाच्या रकान्यात खूण करतो. कार्ड गिऱ्हाइकाकडे आणि तशीच नोंद आलाजोच्या वहीत. महिनाअखेर जमा रक्कम परत मिळते, फक्त एका दिवसाचा भरणा आलाजोची मजुरी म्हणून राहतो. रोज १,००० नायरा प्रमाणे ३१ दिवस भरले तर ३०,००० हाती येतात, म्हणजे मजुरी साधारण सव्वातीन टक्के पडते. पण खाडे केले आणि वीसच दिवस भरले, तरी मजुरी एका दिवसाचीच असते. मग तीच पाच टक्के होते. नियमित भरणाऱ्याला ही पद्धत स्वस्त पडते, अधूनमधून भरणाऱ्याला महाग.

ठेवीवर व्याज मिळण्याऐवजी पदरचे पैसे देऊन बचत करणे बाहेरच्याला विचित्र वाटते. गाळा सोडून बँकेत रांग लावली तर त्या वेळेत गेलेले गिऱ्हाईक या मजुरीपेक्षा महाग पडते. शिवाय गल्ल्यात पडून राहिलेले पैसे नातलगांच्या मागण्यांपुढे टिकत नाहीत. ‘आजोत भरले’ हे नकार देण्याचे सर्वमान्य कारण आहे आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही. लागोसच्या शोमोलू भागातला एक आलाजो स्मरणशक्तीसाठी इतका गाजला की तल्लख माणसाला अजून योरुबात त्याचीच उपमा देतात. मोटार विकून त्याने सायकल घेतली असे त्याच्याविषयी सांगतात. अरुंद गल्ल्यांतून दारोदार जाणाऱ्याला ते पूर्ण शहाणपणाचे होते.

धर्म आणि शेजार

योरुबा प्रदेशात एकाच घरात मुसलमान आणि ख्रिस्ती भावंडे असणे सामान्य आहे, त्यामुळे गटही मिश्र असतात. बैठकीची सुरुवात एका धर्माच्या प्रार्थनेने आणि शेवट दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनेने करण्याची रीत अनेक ठिकाणी दिसते. पाळ्या लावताना तर हे मिश्रण सोयीचेच पडते. इलेयाच्या आधीची उचल मुसलमान सभासदाला आणि डिसेंबरची ख्रिस्ती सभासदाला दिली की दोघांच्याही मोठ्या खर्चाची वेळ साधते. इस्लामी कालगणना चांद्र असल्याने इलेया दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येते, हे लक्षात घेऊन चक्र आखावे लागते. गेल्या वर्षीचा तक्ता तसाच उतरवणाऱ्या गटात ईद होऊन गेल्यावर मेंढ्याचे पैसे हाती येतात.

एकधर्मी गटही भरपूर आहेत. योरुबा मुसलमान स्त्रियांची ‘असलातू’ प्रार्थनामंडळे रविवारी जमतात आणि चर्चमधल्या स्त्रीमंडळांचीही भेट ठरलेली असते, तिथे भरणा आपोआप जुळतो. हा गोतावळा उपयोगी आहे, पण त्याची एक अडचणही आहे. प्रार्थनेला बरोबर बसणाऱ्या बाईकडे थकलेला हप्ता मागणे अवघड वाटते आणि मागणारी गप्प राहते. थकबाकी तिथेच साचते. म्हणून वसुलीचे काम अशा मंडळांनी प्रार्थनामंडळाच्या प्रमुखाऐवजी दुसऱ्या कुणाकडे द्यावे हे बरे.

व्याज नसल्यामुळे साध्या आजोबद्दल बहुतेक मुसलमानांच्या मनात किंतु नसतो, कारण भरले तेवढेच मिळते. आलाजोचा एक दिवस हाही व्याज नव्हे, कामाची मजुरी. पाळीचा लिलाव करून जास्त सूट देणाऱ्याला आधी पैसे देण्याचा प्रकार मात्र त्यांना व्याजाच्या जवळचा वाटतो.

कानो आणि आसपासच्या हौसा शहरांत अनेक विवाहित स्त्रिया ‘कुल्ले’ म्हणजे पडद्यात राहतात. त्या घरातूनच खाद्यपदार्थ करून विकतात आणि ते पदार्थ डोक्यावर घेऊन मुले-मुली गल्लोगल्ली फिरतात. आदाशीचा भरणाही त्याच मुलांच्या हाती जातो. गट चालवणारीला ‘उवार आदाशी’, म्हणजे आदाशीची आई, म्हणतात. भरण्याला ‘झुबी’, उचलीला ‘क्वासा’. मुलीच्या लग्नात आईने द्यायची भांडी आणि सामान, ‘कायन डाकी’, हा या उचलीचा एक मोठा मानाचा खर्च. नवऱ्याच्या पैशापासून वेगळा असा स्वतःचा पैसा स्त्रीच्या हाती राहण्याचे ते साधन आहे.

काय बिघडते

सर्वांत जुना घाव म्हणजे आधी उचलून मग भरणे बंद करणे. यावर उपाय चक्राच्या सुरुवातीलाच करावा लागतो : जामीनदार आणि तोही असा, ज्याची स्वतःची उचल अजून बाकी आहे. तो जामीन ठरला की थकलेला हप्ता त्याच्या उचलीतून कापता येतो. आधीच उचलून बसलेला जामीनदार नावापुरताच.

दुसरा प्रकार कमी दिसतो पण जास्त गट बुडवतो. एक माणूस तीन-चार गटांत असतो आणि एका गटाच्या उचलीतून दुसऱ्यांचे हप्ते भरतो. पगार वेळेवर असेपर्यंत हे खपते. २०१५-१६ मध्ये अनेक राज्य सरकारांनी कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन्‌महिने थकवले, तेव्हा अशा साखळ्या एकदम उघड्या पडल्या. चालकानेच खोट्या नावाने जादा हात घेणे हीदेखील फसवणुकीची नेहमीची वाट आहे. भरण्याच्या दिवशी सगळे समोरासमोर जमत असतील तर ती चालत नाही.

आलाजोच्या बाबतीत पळून जाणे, वाटेत लूट आणि बाजाराची आग हे धोके. नोंद दोन ठिकाणी ठेवायचे कारण हेच. २०२३ च्या सुरुवातीला आणखी एक संकट आले. केंद्रीय बँकेने २००, ५०० आणि १,००० नायरांच्या जुन्या नोटा बदलायला काढल्या आणि नव्या पुरेशा आल्या नाहीत. ३ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने जुन्या नोटा वर्षअखेरपर्यंत चालतील असा निकाल देईपर्यंत रोख जमवणाऱ्या आलाजोंचे काम जवळपास ठप्प होते.

मृत्यू आला तर रीत सरळ आहे. उचल बाकी असेल तर भरलेली रक्कम वारसाला परत मिळते, उचल झालेली असेल तर उरलेले हप्ते घरच्यांनी भरायचे. दुसऱ्या बाबतीत गट सहसा काही महिन्यांची सवड देतो.

तंटा आधी जामीनदाराकडे, मग बाजाराच्या प्रमुख स्त्रीकडे, म्हणजे ‘इयालोजा’कडे जातो. तिच्या शब्दाला वजन आहे, कारण बाजारात गाळा टिकवायचा तर तिच्याशी बिनसून भागत नाही. वाड्यावस्तीत इमाम, पाद्री किंवा घरमालक मध्यस्थी करतो. पोलिसांकडे जाणारेही असतात, पण २०२० च्या पोलीस कायद्यानुसार केवळ दिवाणी देण्यासाठी अटक करता येत नाही. लागोसमध्ये २०१८ पासून ५० लाख नायरांपर्यंतच्या दाव्यांसाठी लघुदावा न्यायालये आहेत. तिथे वही, कार्ड आणि बँकेच्या नोंदी कामी येतात, म्हणून लेखी नोंद ठेवणे हा अविश्वास समजू नये.

महागाईचा हिशेब

वर बारा हातांचे उदाहरण घेतले. भाव वर्षाला ३० टक्क्यांनी वाढत असतील (२०२४ मध्ये सरकारी आकडा याहून वर होता) तर बाराव्या महिन्यात मिळालेल्या २,४०,००० नायरांची खरेदीशक्ती पहिल्या महिन्याच्या भावाने सुमारे १,८९,००० उरते. भरलेले हप्तेही त्याच मापाने मोजले तर सुमारे २,१३,००० होतात. म्हणजे शेवटचा माणूस साधारण २५,००० गमावतो आणि जवळपास तेवढेच पहिल्याला मिळतात. पूर्वी क्रमाचा वाद सोयीचा होता, आता तो पैशाचा झाला आहे. समंजस गट यावर दोन मार्ग काढतात : चक्र सहा महिन्यांचे किंवा त्याहून लहान करणे आणि पुढच्या चक्रात क्रम उलटा फिरवणे.

मोबाइलवरून भरणा वाढला तसा खोट्या संदेशाचा धोका वाढला. पैसे आल्याचा बनावट एसएमएस किंवा स्क्रीनशॉट गटावर टाकला जातो. चालकाने खात्यातली शिल्लक प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय भरणा धरू नये. १०,००० नायरा आणि त्यावरील हस्तांतरणावर ५० नायरांचा सरकारी आकार लागतो. तो कुणी सोसायचा हे आधी ठरवलेले नसेल तर उचल दरवेळी थोडी कमी भरते. आजोच्या नावाखाली दुप्पट परताव्याचे आमिष दाखवणाऱ्या योजनाही येतात. खऱ्या आजोत भरल्यापेक्षा जास्त कधीच मिळत नाही, ही ओळख पुरेशी आहे. २०१६ च्या डिसेंबरात एमएमएम या योजनेने सभासदांची खाती गोठवली, तेव्हा तिच्यात महिन्याला ३० टक्के वाढीचे वचन होते.

भाव चढू लागल्यापासून पैशाऐवजी धान्याचा आजोही पसरला आहे. दरमहा हप्ता भरायचा आणि तांदळाची पोती, पामतेलाचे डबे, घेवडा ठोक भावात घेऊन वाटून घ्यायचे. वाटप लागोसकडे ‘काँगो’ आणि उत्तरेत ‘मुडू’ या मापाने होते. ही मापे बाजारागणिक लहान-मोठी असतात आणि तळाला ठोकून खोली कमी केलेलीही सापडतात, म्हणून पहिल्यापासून शेवटच्या वाट्यापर्यंत एकच भांडे वापरतात आणि पोते सगळ्यांसमोर उघडतात.